मातृदिनाच्या मिस्सेत कोणाला उभं करायचं?

प्रश्न: एका वाचक भगिनीने पत्र लिहिलं आहे. त्यांच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मातृदिनाच्या रविवारी मिस्सेच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, शेवटी सगळ्या आयांना उभं राहायला सांगतात, टाळ्या होतात, प्रत्येकीला एक गुलाब मिळतो. गेल्या वर्षी गायनवृंदातली एक बाई तेवढ्यात उठून बाहेर गेली आणि पुन्हा आत आली नाही. तिची दोन बाळं पोटातच गेली होती, हे नंतर कळलं. या वर्षी धर्मगुरूंनी सगळी जबाबदारी पत्रलेखिकेवर टाकली आहे: "तुम्हीच ठरवा." महिला मंडळातल्या काहीजणींना कार्यक्रम आणखी मोठा हवा आहे, काहीजणी म्हणतात, बंदच करा. घरात सासूबाई वर्षभर त्या गुलाबाची वाट पाहतात, तर एकोणीस वर्षांची मुलगी म्हणते, "एक दिवस गुलाब आणि उरलेले दिवस झाडू. चर्चला बाई फक्त आई म्हणून हवी असते." पत्राच्या शेवटी दोन प्रश्न आहेत. हा मान बंद करावा का? आणि मुलीला काय उत्तर द्यावं?

उत्तर:

ताई, आधी त्या बाहेर गेलेल्या बाईकडे पाहू. तिला टोचलं ते गुलाबामुळे नव्हे. "सर्व आयांनी उभं राहावं" या एका वाक्याने देवळात बसलेल्या प्रत्येक बाईला चारचौघांत उत्तर द्यायला लावलं. उभी राहिली तर शेजारीण विचारणार, "तुझी मुलं कुठायत?" बसून राहिली तर जी बाळं तिची होती, ती तिनेच नाकारल्यासारखं होणार. तिसरी वाट दाराकडे जात होती, ती तिने धरली. मूल दत्तक दिलेली, सावत्र मुलांना वाढवणारी, मुलगा तीन वर्षं बोलत नाही अशी, लग्न न करता भावंडांची आई झालेली, अशा सगळ्याजणी त्या वाक्यापाशी अडखळतात. तेव्हा मंडळात पहिला ठराव एवढाच करा की मिस्सेत कोणालाही उभं करायचं नाही, हात वर करायला लावायचा नाही, पुढे बोलवायचं नाही. बाकी वाद नंतर घाला.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: मान द्यायचा म्हणजे सत्कार करायचा, आणि सत्कार नको असेल तर मानही नको. मंडळातले दोन्ही गट याच एका समजुतीवर उभे आहेत. उपासनेची रीत वेगळी आहे. सत्कारात पाहणारे आणि पाहिले जाणारे असे दोन भाग पडतात. आशीर्वादात सगळेच मागणारे असतात. बाप्तिस्म्याचा विधी आठवा. शेवटच्या आशीर्वादात पहिला आशीर्वाद आईला असतो, मग वडिलांना, मग जमलेल्या सगळ्यांना. तिथे टाळ्या नसतात, आणि तिची उपेक्षा झाली असं कोणाला वाटत नाही. आईसाठी प्रार्थना करायची सोय विधीत आधीपासून आहे, ती आपल्याला शोधून काढावी लागत नाही.

संत मोनिकाचं मागणं इथे उपयोगी पडेल. मुलाच्या परिवर्तनासाठी तिने कित्येक वर्षं रडून प्रार्थना केली. 387 साली पास्काच्या (ईस्टरच्या) रात्री त्या मुलाचा, संत ऑगस्टीनचा, बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी रोमजवळच्या ओस्तिया इथे ती वारली. देह कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका. फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढंच तिने मुलांना सांगितल्याचं ऑगस्टीनने लिहून ठेवलं आहे. एका आईने स्वतःच मागितलेला मान असा आहे. तुमचा कार्यक्रम त्याच्या जवळ नेता येईल.

आता त्या रविवारी मिस्सेत नेमकं काय करता येतं ते सांगतो.

मातृदिन म्हणजे मे महिन्याचा दुसरा रविवार, तो 8 ते 14 तारखांमध्येच येतो. म्हणजे तो कायम पास्काकाळात (ईस्टरपासूनच्या पन्नास दिवसांत) पडतो, क्वचित थेट पेंटेकॉस्टला, म्हणजे त्या काळाच्या शेवटच्या दिवशी. पास्काकाळाच्या रविवारची वाचनं आणि प्रार्थना बदलता येत नाहीत. त्यामुळे "या वेळी नीतिसूत्रांतल्या 31व्या अध्यायाचं वाचन घेऊ या" (बायबलमधलं गुणवती पत्नीचं वर्णन) अशी सूचना आली, तर नम्रपणे बाजूला ठेवा. ते वाचन 'अ' वर्षात (वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या पहिल्या वर्षी) सामान्यकाळाच्या 33व्या रविवारी येतंच. (जाता जाता: त्या रविवारी वाचतात ते तुकडे आहेत. ती बाई शेत पारखून विकत घेते, व्यापार करते, शहाणपणाचे बोल बोलते, त्या ओळी गाळलेल्या आहेत. सूतकताई मात्र राहिली आहे. मुलीला अख्खा अध्याय वाचायला द्या.)

प्रवचन धर्मगुरूंनी किंवा डिकननेच (धर्मगुरूच्या खालच्या दर्जाच्या दीक्षित सेवकाने) करायचं असतं. "प्रवचनाच्या जागी एक आई दोन शब्द बोलेल" हे बसत नाही, मग बोलणारी कितीही चांगली असो. मुलांसाठीच्या खास मिस्सेत, जिथे मोठी माणसं थोडीच असतात, शुभवर्तमानानंतर एखादी प्रौढ व्यक्ती मुख्य धर्मगुरूंच्या संमतीने मुलांशी बोलू शकते. 1973 च्या मार्गदर्शिकेत ती मुभा आहे. पण तुमची रविवारची मोठी मिस्सा ती नव्हे. कोणाचं मनोगत ऐकायचंच असेल तर ते मिस्सा संपल्यावर ठेवा.

खरी जागा आहे श्रद्धावंतांच्या प्रार्थनांची. त्यांचा क्रम ठरलेला असतो: आधी ख्रिस्तसभा, मग राज्यकर्ते आणि जग, मग दुःखात असलेले, शेवटी आपला समुदाय. पाच-सहा विनंत्यांपैकी दोन या दिवसासाठी ठेवा. एक दुःखितांच्या जागी, दुसरी समुदायाच्या जागी. इथे नेहमी एक चूक होते. विनंतीचं भाषण होतं. "आई म्हणजे त्यागाची मूर्ती" असं सुरू होऊन पाच ओळींनंतर प्रार्थना कशासाठी होती हेच विसरायला होतं. विनंती म्हणजे लोकांना दिलेली हाक: कोणासाठी, काय मागायचं, बस. एका श्वासात वाचून व्हायला हवी. मसुदा असा करता येईल:

"ज्यांची बाळं जन्माआधी किंवा नंतर गेली, ज्यांना मूल हवं होतं पण झालं नाही, ज्यांची मुलं दुरावली आणि ज्यांना आईची माया मिळाली नाही, त्यांना प्रभूने जवळ घ्यावं म्हणून आपण प्रार्थना करू या."

"आपल्याला जन्म देणाऱ्या, वाढवणाऱ्या आणि प्रार्थना शिकवणाऱ्या सर्व स्त्रियांना प्रभूने बळ द्यावं आणि ज्या वारल्या त्यांना चिरशांती द्यावी म्हणून आपण प्रार्थना करू या."

"वाढवणाऱ्या" आणि "प्रार्थना शिकवणाऱ्या" हे दोन शब्द काढू देऊ नका. आजी, मावशी, काकू, धर्ममाता, सिस्टर, धर्मशिक्षिका त्यांतच येतात. त्यांची वेगळी यादी वाचायची गरज राहत नाही.

शेवटच्या आशीर्वादाआधी धर्मगुरू दोन वाक्यांत आयांसाठी खास प्रार्थना करू शकतात. त्या वेळी सगळ्या सभेने डोकं लववायचं. आई असो, नसो, पुरुष असो, मूल असो, सगळ्यांची मुद्रा एकच. गेल्या वर्षी जे बिघडलं ते एवढ्या बदलाने सुधारतं. धर्मगुरूंच्या हातात कागद आदल्या आठवड्यातच द्या. ऐनवेळी सुचलेल्या शब्दांत "सर्व आयांनी उभं राहा" परत घुसतं, आणि ते कोणाच्या वाईट हेतूने होत नाही, सवयीने होतं.

एक वही ठेवा. तीन रविवार आधीपासून प्रवेशदारापाशी, पेनासकट. वर लिहा, "ज्या आयांची आणि ज्या बाळांची आठवण वेदीपाशी व्हावी असं वाटतं, त्यांची नावं." जिवंत, मृत, दोन्ही. ज्या बाळांना नाव ठेवायची वेळच आली नाही, त्यांच्यासाठी नुसतं "बाळ" लिहिलं किंवा क्रूसाची खूण केली तरी चालेल, हेही त्यावर लिहा. पहिल्या पानावर मंडळातल्या दोघींनी आपली नावं आधी लिहून ठेवा, कोऱ्या पानावर सुरुवात करायला कोणी धजत नाही. मात्र ही नावं मिस्सेत वाचू नका. दोनशे नावं, प्रत्येकाला तीन सेकंद, म्हणजे दहा मिनिटं गेली. शिवाय एक नाव चुकीचं वाचलं गेलं की वर्षभर तेच ऐकावं लागतं. वही मिटून वेदीजवळ ठेवा आणि मिस्सा तिच्यातल्या सगळ्यांसाठी अर्पण होऊ द्या. त्या बाहेर गेलेल्या बाईला वहीबद्दल तुम्ही स्वतः सांगा, एकटीला, आणि "लिहीच" असा आग्रह न करता. "अगं, तूही आध्यात्मिक अर्थाने आईच आहेस" हे वाक्य मात्र तिच्यापाशी बोलू नका. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1988 च्या 'मुलिएरिस दिग्नितातेम' या पत्रात आत्मिक मातृत्वाचा विचार मांडला आहे, तो खोल आहे आणि खराही आहे. पण ज्या बाईने दोन बाळं गमावली, ती तर खरोखरच आई आहे. तिचं सांत्वन करायला पर्यायी मातृत्व पुढे केलं की तिची बाळं पुसली जातात.

गुलाबाचं काय? सासूबाईंसाठी तो राहू द्या. बदल एवढाच की तो आत वाटायचा नाही. पवित्र मरियेच्या मूर्तीजवळ टोपल्या ठेवा. वेदीच्या फळीवर मात्र नको, तिथे फुलांची मांडणी करायची नसते, ती वेदीच्या आजूबाजूला आणि बेताने करायची असते. मिस्सा झाल्यावर ज्याला वाटेल त्याने एक फूल घ्यावं आणि ज्या बाईला द्यावंसं वाटेल तिला द्यावं, किंवा मूर्तीपुढे ठेवावं, किंवा कबरीवर न्यावं. फुलं आयांच्या संख्येने नको, मिस्सेला येणाऱ्या माणसांच्या संख्येने मागवा, नाहीतर शेवटच्या रांगेपर्यंत टोपली रिकामी होते. दाराशी उभं राहून "तुम्ही आई आहात ना?" विचारत फूल देणारी स्वयंसेविका नेमू नका. आणि सासूबाईंच्या हातात फूल कोणी द्यायचं, तर त्यांच्या मुलाने. ते काम दरवर्षी सुनेकडे येतं.

मुलगा म्हटल्यावर मार्काच्या शुभवर्तमानातला 7वा अध्याय आठवतो. "जे तुमच्या उपयोगाला आलं असतं ते मी देवाला वाहिलं आहे," असं म्हणून आईबापांना काही न देणाऱ्यांना येशू तिथे खडसावतो. आपल्या धर्मग्रामातल्या किती आया अंथरुणाला खिळलेल्या आहेत, किंवा सोबत नाही म्हणून मिस्सेला येत नाहीत, याची यादी करा. प्रत्येक विभागातून एकीने घरोघर विचारलं तर दोन आठवड्यांत होते. नाव, घर, कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) हवं का, आजाऱ्यांचा अभिषेक हवा का, गाडीने आणता येईल का, एवढे रकाने पुरेत. ज्यांना आणता येईल त्यांना आणायची व्यवस्था करा, बाकीच्यांकडे त्याच दिवशी कम्युनियन पोचवा. माझ्या मते मोठ्या कार्यक्रमाची हौस असलेल्या गटाला हे काम द्यावं. ते खरंच मोठं आहे.

आता मुलगी. तिच्या वाक्याचे दोन तुकडे करा. "उरलेले दिवस झाडू" हा तुकडा तक्रारीचा आहे आणि तो तुमच्या धर्मग्रामात खरा की खोटा हे पाहायला एक कागद पुरे. गेल्या तीन महिन्यांत झाडलोट, कपडे धुणं-इस्त्री, फुलं, खुर्च्या ही कामं कोणी केली आणि पाळकीय मंडळात, अर्थसमितीत, वाचनपीठावर कोण होतं, ही नावं समोरासमोर लिहा. कागद पाहून तीच बरोबर ठरली तर तसं तिला सांगा. मातृदिनाला खुर्च्या मांडायचं आणि आवरायचं काम तरी पुरुषांकडे द्या. आयांच्या मानासाठी आयाच पहाटे पाचला उठून झाडत असतील, तर तिला समजावायला शब्द सापडणार नाहीत.

"चर्चला बाई फक्त आई म्हणून हवी" हा दुसरा तुकडा मात्र ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या वाचनांपुढे टिकत नाही. लूकच्या 11व्या अध्यायात गर्दीतली एक बाई येशूला ओरडून म्हणते की ज्या उदराने तुला वाहिलं ते धन्य. येशू उत्तर देतो, त्यापेक्षा जे देवाचं वचन ऐकतात आणि पाळतात ते धन्य. यात मरियेचा अवमान नाही, कारण पहिल्या अध्यायात तिच्या नात्यातल्या एलिझाबेथने तिला दोन्ही म्हटलेलं आहे: आधी "तुझ्या उदराचं फळ धन्य" आणि तीनच ओळींनी "जिने विश्वास ठेवला ती धन्य". हे बोलणारी एलिझाबेथ म्हणजे म्हातारपणापर्यंत जिला लोक वांझ म्हणत आले ती. तिचेच शब्द नमो मरियेत आले. पाच दशकांची रोझरी म्हटली की ती प्रार्थना 53 वेळा होते, म्हणजे 53 वेळा आपण त्या बाईचं वाक्य उच्चारतो. आणि मरियेचं स्तोत्र रोजच्या सायंप्रार्थनेत असतं. पोपपासून नव्या धर्मगुरूपर्यंत सगळे दिवस मावळताना एका तरुण मुलीचे शब्द म्हणतात, त्यात बलवंतांना आसनांवरून खाली ओढल्याचीही ओळ आहे. तुमच्या मुलीला ती ओळ आवडेल.

पुढे पाहा. पुनरुत्थानाची बातमी प्रेषितांना सांगितली येशूची शिष्या मरिया माग्दालिया हिने; 2016 साली 22 जुलैचा तिचा स्मृतिदिन सणाच्या दर्जाला नेला, म्हणजे उपासनेत तिला प्रेषितांच्या बरोबरीने बसवलं. धर्मपंडित ही संतांना त्यांच्या शिकवणीसाठी दिली जाणारी पदवी स्त्रियांना पहिल्यांदा 1970 मध्ये मिळाली, आव्हिलाची तेरेसा आणि सिएनाची कॅथरीन यांना. मग 1997 मध्ये लिज्यूची तेरेजा आणि 2012 मध्ये बिंगेनची हिल्डेगार्ड. चौघींपैकी एकीलाही मूल नव्हतं. आणि आई असलेली संत हवी असेल तर त्याच तेरेजाची आई झेली मार्तां पाहा. नऊ मुलं झाली, चार लहानपणीच गेली. तरीही ती लेस विणण्याचा स्वतःचा व्यवसाय चालवत होती, आणि नवऱ्याने घड्याळांचं दुकान सोडून तिच्या व्यवसायात हात घातला. 2015 मध्ये दोघांना एकत्र संत घोषित केलं. गमावलेली मुलं, कामधंदा, संसार, सगळं एकाच बाईत. तुमच्या गायनवृंदातल्या बाईला आणि तुमच्या मुलीला, दोघींनाही तिची ओळख करून द्यायला हरकत नाही.

मुलगी विचारेल, "मग आज मला काय करता येतं?" त्याचं उत्तर गोलमोल देऊ नका. वेदीसेवा मुलींना 1994 पासून करता येते, बिशपांनी आपल्या धर्मप्रांतात परवानगी दिली असेल तर. रविवारच्या पाळीत वाचन करणं, कम्युनियन वाटायला मदत करणं हे स्त्रिया पूर्वीपासून करतात. जानेवारी 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅनन 230 (चर्चच्या कायद्याचं कलम) बदलला, तेव्हापासून वाचक आणि वेदीसहायक ही कायमची, बिशपांच्या हस्ते विधिपूर्वक मिळणारी पदंही स्त्रियांना खुली झाली. त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाचं पद असंच स्थापन झालं. पाळीतलं वाचन आणि हे पद यांत गल्लत होते, म्हणून तिला फरक सांगा: पहिलं धर्मग्रामात ठरतं, दुसऱ्याला तयारी, निवड आणि बिशप लागतात. याशिवाय धर्मप्रांताची चॅन्सलर (दप्तरप्रमुख), चर्चच्या न्यायालयात न्यायाधीश, या जागा सामान्य स्त्रीला मिळू शकतात. 2023 च्या सिनडमध्ये (व्हॅटिकनमधल्या बिशपांच्या सभेत) स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केलं, आणि जानेवारी 2025 मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिला व्हॅटिकनच्या एका खात्याच्या प्रमुख झाल्या, असं पद मिळालेली पहिली स्त्री. धर्मगुरुपद मात्र स्त्रियांना नाही. 1994 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ते निश्चित शब्दांत सांगितलं. डिकनपदाचा प्रश्न 2024 च्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजात खुला ठेवला आहे. हे सगळं तिला जसं आहे तसं सांगा. ती चिडेल कदाचित. चिडू द्या, अर्धवट सांगितलं तर ती उरलेलं स्वतः शोधेल आणि तुमच्यावरचा विश्वास जाईल.

मंडळातल्या ज्यांना बायकांचा आवाज ऐकू यावा असं वाटतं, त्यांच्यासाठी मिस्सेबाहेर मोकळी जागा आहे. त्याच संध्याकाळी रोझरी किंवा वचनसेवा ठेवा. ती स्त्री चालवू शकते, आणि कॅनन 766 नुसार मिस्सेबाहेर सामान्य व्यक्तीला चर्चमध्ये प्रबोधन करायची परवानगी मिळू शकते. ती बिशपांच्या नियमांनुसार धर्मगुरूंकडे आधी मागा. दहा मिनिटं, एकच वक्ती, विषय एलिझाबेथ किंवा मोनिका. "आईची महती" हा विषय देऊ नका, त्यावर सगळ्याजणी तेच बोलतात. शेवटी प्रत्येक घरातल्या आईने, आजीने किंवा जी कोणी सांभाळते तिने मुलांच्या कपाळावर क्रूसाची खूण करावी, बाप्तिस्म्याच्या वेळी केली होती तशीच. वर्षातून एकदा तिला आशीर्वाद घेणारी म्हणून उभी करण्यापेक्षा देणारी म्हणून पाहिलेलं मुलांच्या जास्त लक्षात राहतं.

मुलीला या कामात ओढावं का, असं तुम्ही पत्रात ओझरतं विचारलंत. ओढा, पण फुलांच्या टोपल्या भरायला नको. त्या दोन विनंत्या तिला लिहायला द्या. वरचा मसुदा तिला आवडला नाही तर आणखी बरं. प्रत्येकी एक वाक्य, जास्तीत जास्त दोन, वाचून वेळ मोजायचा. कागद धर्मगुरूंच्या हातात रविवारच्या आधीच्या बुधवारी पोचला पाहिजे, म्हणजे काही खोडायचं असेल तर तिच्याशी बोलून खोडता येईल.